खाडीच्या तोंडाशी दोन वाव

आप्पा, तुमचं तेरावं होऊन दोन दिवस झाले नव्हते, तोवर दत्ता तुमचा तो पाइप खांद्यावर टाकून माझ्या दुकानात हजर. तोच, शेतातल्या पाइपलाइनचा उरलेला तुकडा, दोन्ही तोंडांना दुधाची रिकामी पिशवी आणि वर रबर. मी एका पोथीला खळ लावत होते. हातातला ब्रश तसाच राहिला. वाटलं, मागून तुम्ही येताय, पायरीवर चपला झटकत, "हायसा का ताई?" म्हणत. पण आला तो एकटा तुमचा मुलगा. मग मला रडू आवरलं नाही. इकडे खळ वाळली, पान तिरकं चिकटलं, आणि ते सोडवायला दुसऱ्या दिवशी अर्धी सकाळ गेली.

दत्ता भला माणूस आहे. खाली बघत म्हणाला, "ताई, आता घरात ह्याला वाळवी लागणार. सांगलीच्या एका कॉलेजात जुन्या नकाशांची खोली होतीय. अकराच्या अकरा नकाशे घेतो म्हणत्यात, आप्पांच्या नावाची पाटी लावून. फक्त…" आणि अडला. मी म्हटलं, "फक्त काय?"

"फक्त त्यावर आप्पांनी जांभळ्या शाईनं लिवलेलं तेवढं काढून द्या म्हणत्यात. जुनी वस्तू जुनी दिसली पायजे म्हणे. तुमच्याबिगर ते कुणाला जमणार?"

घ्या. ज्या गोष्टीवरून मी बारा वर्षं तुमच्याशी कडाकडा भांडले, ती गोष्ट न भांडता माझ्या टेबलावर येऊन पडली. तुम्ही नसताना. असलं जिंकणं कुणाला हवं होतं हो?

पहिल्यांदा आलात तो दिवस मला लख्ख आठवतो. मी वाईची. वडील घाटावरच्या भटजींच्या पोथ्या दुरुस्त करायचे, त्यांच्या हाताखाली मी शिकले. लग्न होऊन साताऱ्यात आले, दुकान टाकलं. तोवर माझ्याकडे पोथ्या यायच्या, जुनी दप्तरं यायची, कुणाच्या पणजोबांची पत्रं यायची. तुम्ही पाइपचं रबर काढलंत आणि टेबलावर अख्खं कोकण पसरलं. मुंबईपासून खाली गोव्यापर्यंतची किनारपट्टी, साहेबाच्या काळात मोजलेली, विलायतेत छापलेली. जाड कागद, मागून कापड, कापड सुटलेलं, घड्यांवर कागद फाटलेला. मी चष्मा लावून बघितलं तर जमीन जवळजवळ कोरी! एखादं टेकाड, एखादं देऊळ, एखादा किल्ला. आणि समुद्रात मात्र मुंग्यांसारखे आकडेच आकडे.

"हा कसला नकाशा?" मी विचारलं. "गावंच नाहीत ह्यात."

"आवं ताई, ह्यो जमिनीचा नकाशा न्हाई. चार्ट म्हनत्यात ह्येला. दर्यातनं जेवढी जमीन दिसती, तेवढीच हितं काढल्याली. बाकी समदं पानी. आन् ह्यो आकडा म्हंजी तितल्या पान्याची खोली, वावात." आणि तुम्ही दोन्ही हात फाकवून दाखवलंत, हा एवढा एक वाव. तुमचा एक हात माझ्या खळीच्या वाटीला लागला आणि वाटी उपडी झाली. आपली ओळख झाली ती अशी.

माण तालुक्यातला माणूस, मेंढरांमागे वाढलेला, आणि पोटापाण्याला केलं काय, तर सर्वेच्या जहाजावर तीस वर्षं समुद्राची खोली मोजली. मला हे पटेचना. तुम्हीच सांगितलंत की तुमच्या आईला रोज सकाळी विहिरीत किती परस पाणी उरलं ते हवं असायचं. दोरीला दगड बांधून सोडायचं काम तुमचं. अंदाजाने सांगितलं तर पाठीत धपाटा. "आमच्याकडं पानी मोजल्याबिगर दिवस उजाडत न्हाई," म्हणालात. आणि गावाकडे जाऊन सांगितलंत की आपल्याला पाणी मोजायचा पगार मिळतो, तर लोक म्हणाले, आप्पा लय थापा मारतो. हे सांगताना तुम्ही इतके हसलात की शेजारचा शिंपी डोकावून गेला.

ते चार्ट तुम्ही कुठून कुठून जमवले होते! एक तुमच्या साहेबांनी निवृत्तीच्या दिवशी दिलेला. बाकीचे किनाऱ्यावरच्या रद्दीवाल्यांकडून. एक तर कुणाच्या ट्रंकेच्या तळाला चिकटवलेला, त्यावर वर्षानुवर्षं लग्नातल्या साड्या ठेवलेल्या. तो सोडवायला मला पंधरा दिवस लागले. अकरा चार्टांचं सगळं काम संपायला वर्ष गेलं. खळीत मोरचूद घालून नवीन कापड लावलं, फाटलेल्या जागा अशा भरल्या की बोट फिरवलं तरी कळू नये. सांगते आप्पा, माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम ते. तुम्ही बघून नुसते डोळे पुसलेत. मला वाटलं, धन्य झाले.

आणि आठ महिन्यांनी त्यातला एक चार्ट घेऊन आलात, कोपरा दुमडला होता म्हणून. मी उलगडला तर त्यावर जांभळ्या शाईने लिहिलेलं! खाडीच्या तोंडाशी साहेबाने तीन वाव छापलेले, त्यावर दोन बारीक रेघा मारून शेजारी तुमचा दोनचा आकडा. खाली डाव्या कोपऱ्यात, चौकटीच्या बाहेर, दुरुस्तीचा अनुक्रमांक आणि साल. माझं डोकंच फिरलं. "लाज नाही वाटत? शे-दीडशे वर्षांची वस्तू, मी जिवापाड दुरुस्त केलेली, आणि तुम्ही त्यावर शाळेतल्या पोरासारखं लिहून ठेवलंत?" दुकानात गिऱ्हाईक होतं, ते उठून गेलं. तुम्ही म्हणालात,

"वाळू सरकलीया तितली. मी सोता जाऊन मोजलं."

"मग एका वहीत लिहा की! हा नकाशा घेऊन आता कोणतं जहाज जाणार आहे?"

"कुनी जाऊ न्हाईतर न जाऊ. पर चुकीचा आकडा माज्या घरात कशाला?"

ह्यावर काय बोलणार? मी तरी बोललेच, पुष्कळ बोलले. जुन्या वस्तूचं पावित्र्य असतं, ती होती तशी ठेवायची असते, आपण फक्त राखणदार. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "ताई, तुमी म्हनता ती वस्तू मेल्याली असती. चार्ट असा मरत न्हाई." मग तुम्ही मला जहाजावरची पद्धत समजावलीत. नवीन खोली कळली की जुना आकडा पुसायचा नाही. त्यावर अशी रेघ मारायची की तो वाचता आला पाहिजे. आधी काय होतं ते पुढच्याला कळलं पाहिजे. मी म्हटलं, आमच्या पोथीत चूक झाली की लिहिणारा त्यावर हरताळाचा लेप द्यायचा, पिवळा, खालचं काही दिसत नाही, त्यावर पुन्हा सुबक अक्षर काढायचा. तुम्ही मान हलवलीत. "ब्येस हाय. पर पोथीतली चूक लिवनाऱ्याची. हितं साहेबाची चूक न्हाई वं. तवा तीनच असंल. दर्या हालला."

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं आणि ते आपल्या दोघांनाही आवडायला लागलं, हे आता कबूल करते. दर वर्षी थंडी संपत आली की तुम्ही यायचात, "ताई, माघातली आवस कवा हाय?" विचारत. आवसेच्या उधाणात ओहोटीला पाणी सगळ्यात खाली जातं, तेव्हाचीच खोली खरी. मी पंचांग काढून तिथी सांगायची आणि वर शिव्याही द्यायची. तिथी देणारीही मीच आणि चार्ट खराब केला म्हणून ओरडणारीही मीच! मग तुम्ही एसटीने कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथून गुहागरच्या बाजूला त्या खाडीवर. ठरलेल्या नाखव्याची होडी. दोरीला शिशाचा गोळा, त्याच्या बुडाला कपड्याचा साबण चोपडलेला, म्हणजे तळाची वाळू का चिखल ते चिकटून वर येतं. सत्तरी ओलांडल्यावरही हे चाललं होतं. परत आलात की साबणाची ती चकती कागदात गुंडाळून मला दाखवायला आणायचात. मी म्हणायची, "माझ्या टेबलावर वाळू सांडू नका." आणि तुम्ही गेलात की ती चकती न्याहाळत बसायची.

आता जे लिहिते आहे ते तुम्हाला तोंडावर सांगायचं माझ्याच्याने झालं नाही. पाच वर्षांपूर्वी तुम्ही तोच खाडीचा चार्ट नवीन कापड लावायला ठेवून गावी गेलात. माझ्या घरी तेव्हा काही धड चाललं नव्हतं, मी चिडलेली होते, आणि कागदावर तो जांभळा दोन माझ्याकडे बघत होता. मी पातं घेतलं. तुमची शाई पाण्याने हलत नाही, म्हणून खरवडली. मग अकीकाच्या दगडाने कागद घोटून गुळगुळीत केला, जसा वडील पोथीचा करायचे. साहेबाचा तीन कसा नवाकोरा दिसायला लागला. मला वाटलं होतं तुम्हाला दिसणार नाही. किती मूर्ख मी! आयुष्यभर आकडे बघितलेल्या माणसाला दिसणार नाही?

तुम्ही चार्ट नेलात.  वहीत तो आकडा लिहिलेला होता, बसल्या जागी परत लिहिता आला असता. पण वहीतला आकडा काही महिन्यांचा जुना, म्हणून तुम्ही परत एसटीत बसलात, परत घाट उतरलात, परत मोजलंत. हे मला दत्ताकडून कळलं, "आप्पांनी औंदा दोनदा वारी केली" म्हणून तो हसत सांगत होता. पुढच्या खेपेला चार्ट आला, त्याच जागी दोन. खरवडल्यामुळे कागद पातळ झालेला, शाई किंचित फुटलेली. तुम्ही चहाचा कप खाली ठेवून त्या जागेवर बोट टेकवलंत आणि म्हणालात, "कागद हितं जरा पातळ झालाय वाटतं."

मी म्हटलं, "जुना कागद आहे. व्हायचाच."

"व्हय," म्हणालात, आणि कप उचललात. आप्पा, तो जुना म्हणून पातळ झाला नव्हता. मी खरवडला. माझं चुकलं. तेव्हा म्हणायला हवं होतं, आणि तुम्ही वाट बघत होतात, तेही मला कळत होतं. त्या कपातला चहा तुम्ही केवढा सावकाश प्यायलात!

दवाखान्यात भेटायला आले तेव्हा तुमच्या नाकात नळी, हाताला सुई, आणि बोलणं कशाचं? "नाखवा फोनवर म्हनला, वाळू परत हाललीया. बघाय पायजे." मी म्हटलं, "आधी तुम्ही हला इथून, मग वाळूचं बघू." तुम्ही हसलात, खोकला आला, नर्सने मला बाहेर काढलं. तेच शेवटचं. माफी मागायची म्हणून घरून निघाले होते मी.

तर दत्ता पाइप ठेवून गेला, मी सांगलीच्या त्या कॉलेजातल्या सरांना फोन केला. फार सभ्य माणूस. म्हणाले, मॅडम, मूळ वस्तूवर नंतर कुणी लिहिलं तर तिचं मूळपण जातं, आपण तर फक्त राखणदार. माझीच वाक्यं, शब्दाला शब्द.  पातं धुऊन पुसून ठेवलं. चार्ट पसरला. ती खाडी समोर आली आणि हात चालेना. मग मी स्वतःशीच एक करार केला. म्हटलं, जाऊन बघू. वाळू हलली असेल आणि आप्पांचा आकडा आता खोटा निघाला, तर खरवडायला मी मोकळी. खोटा आकडा तुम्हालाच घरात नको होता ना?

आवस साधली. दत्ता सोबत येतो म्हणत होता, मी नको म्हटलं. दोरी आणि शिसं त्याच्याकडून मागून घेतलं. घाटात मला दोनदा उलटी झाली. नाखव्याने मला बघितलं, पिशवीतली दोरी बघितली, आणि विचारलं, "आप्पा नाय आले?" मी सांगितलं. तो बराच वेळ होडीचा काठ पुसत बसला. मग म्हणाला, "चला. पाणी आपल्यासाठी थांबत नाय."

मी पोहता न येणारी बाई, साठीला आलेली, पदर खोचून होडीत बसले.  सकाळची ओहोटी, वारा नाही. नाखव्याने देवळाचा कळस आणि पलीकडचं टेकाड एका रेषेत धरलं, तुम्ही शिकवलेलं होतं म्हणे त्याला, आणि म्हणाला, "टाका." मी शिसं सोडलं. दोरी हातातून जात राहिली. तुम्ही बांधलेल्या चिंध्या दर वावावर, लाल, पांढरी. दुसरी चिंधी गेली. मी थांबले नाही, दोरीच थांबत नव्हती. तिसऱ्या चिंधीला ती सैल पडली. तीन वाव. मला वाटलं, चुकलं. परत टाकली. तीन. नाखवा म्हणाला, "वाळू गेली ती. मागल्या पावसात गेली." पाच वेळा टाकली मी, हात सोलवटले. पाचही वेळा तीन.

म्हणजे करारानुसार मी मोकळी! येताना सगळ्या घाटभर मला हेच कळत होतं. जांभळं खरवडलं की खाली साहेबाचा तीन आहेच छापलेला, खणखणीत, आणि तो आज खराही आहे. कॉलेज खूश, दत्ता खूश, चार्ट कोरा करकरीत, वर बरोबर. तुमच्या नियमाने आणि माझ्या नियमाने, दोन्हीकडून सुटका. असं घबाड कुणाला मिळतं?

सरांना फोन करून सांगितलं, तर ते म्हणाले, "अरे वा, मग तर प्रश्नच मिटला." आणि मला एकदम तुमच्यासारखा राग आला. तुम्हाला राग यायचा तेव्हा आवाज खाली जायचा, तसा. मी म्हटलं, "सर, तुम्ही सांगलीचे. तुमच्या घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ आहे?" म्हणाले, आहे, दोन आहेत. "मग यंदा पाणी आलं नाही म्हणून पुसलीत का?"  मग हळूच म्हणाले, "आई पुसू देत नाही." आणि थोड्या वेळाने, "समितीला विचारून सांगतो." अजून विचारताहेत. घेतील किंवा नाही घेणार. दत्ताला मी सांगितलं, जांभळ्यासकट घेतील तर द्यायचं. तो म्हणाला, "आप्पांचं अक्षर राहतंय म्हणा की." बरं वाटलेलं दिसलं त्याला.

पण तुमचं म्हणणं अजून मला पटलेलं नाही, हे ध्यानात ठेवा. जुन्या वस्तूवर लिहू नये, हे मी उद्याही म्हणेन. पोथीवर कुणी लिहिलं तर हात मोडून ठेवीन. फक्त एवढंच कळलं आहे मला, की साहेबाचा तीन आणि आजचा तीन हे एकच नाहीत. मध्ये दोन होतं. तुम्ही सत्तरीत होडीत बसून पाहिलेलं, एकदा मी खरवडल्यावर दुसऱ्यांदा जाऊन पाहिलेलं. ते पुसलं तर त्या पाण्यात मधे काही घडलंच नव्हतं असं होईल.

आज सकाळी दुकान उघडायच्या आधी तुमची शाईची बाटली घेऊन बसले. आयुष्यात जुन्या कागदावर मी टाक टेकवला नव्हता, म्हणून आधी रद्दीवर वीस वेळा गिरवलं. मग तुमच्या दोनवर रेघ मारली. एक, मग दुसरी, बारीक. पातळ कागद, शाई जराशी फुटली. शेजारी तीन लिहिला. डाव्या कोपऱ्यात तुमच्या ओळीखाली पुढचा अनुक्रमांक, साल.

वाळेपर्यंत फुंकर घालत बसले. मग भिंग घेऊन नीट बघितलं, आप्पा. दोन वाचता येतो.